दिवस मी मोजलेत

मला कुणी जुनाट म्हणायच्या आधीच सांगते. सुनेला डॉक्टरकडे नेलं ते मी. मीच. माझा मुलगा कुशल ‘बघू, करू, होईल’ या तीन शब्दांवर जगणारा माणूस. त्याच्यावर सोडलं असतं तर अजून सात वर्षं गेली असती. लग्नाला सात वर्षं झालेली, घरात पाळणा नाही, आणि हा संध्याकाळी कंपनीतून आला की पेपर उघडून बसणार. म्हटलं, बस बाबा तू, मी जाते तिला घेऊन.

मी प्रेमला. नंदाखालला आमची वाडी आहे, केळी, नारळ आणि थोडी फुलं. यजमान दिवसभर वाडीत, त्यांचं घराकडे लक्ष जेवणापुरतं. सून क्षितिजा बोळिंजची. तिचे वडील नोकरीसाठी रत्नागिरीहून आलेले, पोर फ्लॅटमध्ये वाढलेली, बी.कॉम. झालेली. गुणाची हो. सात वर्षांत एकदा उलटून बोलली असेल तर शपथ. मी गावभर सांगत फिरायचे, सून असावी तर अशी, तोंडात जीभ आहे की नाही कळत नाही.

तिला दोन पाळ्यांच्या मधेच डाग पडायचे, आणि पाळी आली की जायचंही भरपूर. विरारच्या डॉक्टरीणबाईंनी आधी साधी सोनोग्राफी केली. मग म्हणाल्या, ‘आतलं अस्तर जाड दिसतंय. त्यात काही आहे का, ते असं कळणार नाही. सलाईनची सोनोग्राफी करून बघू.’

‘म्हणजे काय करणार?’ मी विचारलं.

‘बारीक नळीनं गर्भाशयात मिठाचं पाणी सोडायचं आणि पडद्यावर बघायचं.’

अगो बाई! माझा जीव वर आला. आमच्या विहिरीला खारं पाणी लागलंय दहा वर्षांपूर्वी. टँकरवाल्यांनी गावोगावच्या विहिरी उपसल्या आणि खाडीचं पाणी आत शिरलं. मिठानं केळीचं काय होतं ते आम्हाला विचारा. पानं कडेनं करपतात, घड येतो तो बोटभर. मी म्हटलं, ‘डॉक्टरीणबाई, आधीच तिथे काही उगवत नाही, त्यात तुम्ही खारं पाणी घालणार?’

त्या हसल्या. कोपऱ्यात सेलिन उभी होती, ती पण हसली. सेलिन त्यांची नर्स, आमच्याच गावातली. तिच्या आईचा आणि माझा बांध एक. मला मावशी म्हणते. तिच्यासमोर हसं झालेलं मला आवडलं नाही.

‘आजारी माणसाला हाताला लावतात ना, तेच सलाईन,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

‘मग सलाईन म्हणा की. मीठ मीठ काय करता?’

त्यांनी मग मला समजावून सांगितलं, आणि छान सांगितलं, नाव ठेवायला जागा नाही. गोळ्या घालून देतात ती छोटी प्लॅस्टिकची पिशवी घेतली. त्यात एक गोळी टाकली आणि पिशवी टेबलावर दाबून चपटी केली. ‘हे गर्भाशय. रिकामं असतं तेव्हा त्याच्या दोन्ही भिंती अशा एकमेकींना चिकटून असतात. वरून बघितलं तर नुसतं जाड दिसतं. भिंत जाड आहे की आत काही बसलंय, काय कळणार?’ मग सिरिंजनं त्यात पाणी सोडलं. पिशवी फुगली, भिंती सुटल्या, आणि गोळी पाण्यात स्पष्ट दिसायला लागली. ‘आता कळलं? आत पॉलिप असेल, म्हणजे अस्तरावर आलेला मांसाचा बारीक कोंब, तर तो असा दिसतो. गाठ असेल, पडदा असेल, भिंती कुठे चिकटल्या असतील, सगळं दिसतं. पाच-दहा मिनिटांचं काम. पोटात थोडी कळ येते, एकदोन दिवस डाग पडतात. भूल नाही, टाके नाहीत.’

‘आणि काही सापडलं तर?’ क्षितिजानं विचारलं. तिचा आवाज एवढासा होता.

‘काढून टाकायचं. पुष्कळ बायकांना मग दिवस राहतात.’

मी क्षितिजाकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, खोटं कशाला सांगू.

‘फक्त एक लक्षात ठेवा,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं. सहावा ते दहावा दिवस, तेवढ्यातच यायचं. उशीर झाला तर तोवर दिवस राहिलेले असू शकतात, आणि तशात नळी घातली तर सगळं हातचं जाईल. दिवस नीट मोजून या.’

‘ते माझ्यावर सोडा. आमच्या घरातले दिवस मीच मोजते,’ मी म्हटलं.

आणि ते खरं होतं. आमच्याकडे बाजूला बसायची पद्धत. मागच्या पडवीत चटई, वेगळी थाळी, वेगळा तांब्या. भात वरून वाढायचा. पदर जरी लागला तरी लावणारीनं आंघोळ करायची. डाग दिसला की चार दिवस बाहेर, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन आत. कुणाला दोन दिवस जातं, कुणाला सहा दिवस, त्याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नाही. चार म्हणजे चार. माझ्या सासूनं मला तशीच बसवली, तेव्हा मी मनात चडफडायचे, सासूला शिव्या घालायचे. मग मी सासू झाले आणि तीच पडवी झाडून सुनेला चटई घातली. बायकांचं असंच असतं मेलं.

क्षितिजाच्या माहेरी हे काही नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा बसवली तेव्हा ती रडली होती. मग सवय झाली. निदान मला तसं वाटलं.

पहिल्या महिन्यात सहावा दिवस आला तो पितृपक्षात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या या, क्षितिजा म्हणाली जाऊया ना आई, आणि मी म्हटलं, पितरांच्या दिवसांत असल्या शुभ कामाला हात घालायचा नाही, पुढच्या महिन्यात बघू. संध्याकाळी कुशलला म्हणाली असेल तर असेल. त्यानं ‘बघू’ म्हटलं असणार.

आता त्या पितृपक्षाचा विचार आला की मी डोकं धरून बसते. तेव्हाच गेलो असतो तर तपासणी होऊन गेली असती, आणि पुढचं सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. कारण त्याच महिन्यात तिला दिवस राहिले.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. सात वर्षांत एकदाही न झालेली गोष्ट आताच झाली असेल असं कुणाच्या मनात येणार?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या दारात येऊन उभी राहिली. ‘आई, डाग दिसलाय. नुसता एवढासा आहे, तपकिरी.’ तिनं बोटाच्या पेरावर दाखवलं. ‘तारखेला अजून दोन दिवस आहेत. नेहमीसारखं वाटत नाही. बसायलाच हवं का?’

‘डाग म्हणजे डाग,’ मी म्हटलं. ‘बस.’

ती बसली. मला आतून आनंद झाला होता. मी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली. म्हटलं, बरं झालं, दोन दिवस लवकर आली. या वेळी चुकवायचं नाही. सेलिनला निरोप पाठवला, आठव्या दिवशी येतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी चहा द्यायला गेले तर ती म्हणाली, ‘आई, आज काहीच नाही. कालही त्या एका डागानंतर काही नव्हतं. मी आंघोळ करून आत येऊ का?’

‘शहाणी आहेस. पुन्हा दिसलं तर? माझ्या देव्हाऱ्याला विटाळ. चार म्हणजे चार.’

‘मग पाळी आली असं धरायचं का पण?’

हे तिनं विचारलं होतं. मी कानांनी ऐकलं होतं. उद्या देवानं विचारलं तर तिथेही हेच सांगेन. आणि मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हटलं, ‘बसलीस ना बाहेर? मग आलीच की. उगाच डोकं चालवू नकोस.’

ते चार दिवस ती नुसती झोपून होती. दुपारी झोपायची, संध्याकाळी हाक मारली तरी उठायची नाही. अंग जड वाटतंय म्हणायची. मी यजमानांना म्हटलं, ‘बघा, हिला चार दिवस बसायची शिक्षा नाही, सुट्टीच आहे.’ तेही हसले. वाढताना मी भात थाळीत वरून सोडला तर थोडा चटईवर सांडला. तिनं एकेक शीत वेचून खाल्लं. पाचव्या दिवशी न्हाली आणि आत आली.

आठव्या दिवशी आम्ही दोघी विरारला गेलो. सेलिन कागद घेऊन बसली होती. नाव, वय, लग्नाला किती वर्षं. मग विचारलं, ‘पाळी कधी आली?’

मी तारीख सांगितली.

‘किती दिवस गेलं?’

‘चार दिवस,’ मी म्हटलं. ‘पाचव्या दिवशी न्हाली.’

‘आई, पण...’ क्षितिजा म्हणाली.

‘तू गप. दिवस मी मोजलेत.’

सेलिननं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलं. चार दिवस, आज आठवा दिवस. सेलिनचा काय दोष? त्यांच्या घरी कुणी बाजूला बसत नाही. तिला काय ठाऊक की मी बसण्याचे दिवस सांगतेय. तिनं विचारलं रक्ताचं, मी सांगितलं चटईचं. आणि मला तरी कुठे कळलं होतं, दोन्ही मला एकच वाटत होतं. पस्तीस वर्षं मी ते एकच धरून चालले होते.

आत नेलं तेव्हा क्षितिजानं माझा हात धरला. म्हणाली, ‘आई, या ना माझ्याबरोबर.’ डॉक्टरीणबाईंनी येऊ दिलं. मी तिच्या उशाशी उभी राहिले. त्यांनी कागद बघितला, मान हलवली आणि कामाला लागल्या. आधी नुसतं पडद्यावर बघितलं. ‘अस्तर जाडच आहे अजून,’ असं स्वतःशीच म्हणाल्या. ‘आठव्या दिवशी एवढं असायला नको.’ मग जराशा थांबल्या. पुन्हा कागद बघितला. कागदावर माझे चार दिवस लिहिलेले होते.

‘या जाड भागात काहीतरी आहे, बारीक गोल,’ त्या म्हणाल्या. ‘सलाईन सोडलं की कळेल. क्षितिजा, आता थोडी कळ येईल हं. लांब श्वास घे.’

नळी एवढीशी होती, समईतल्या वातीएवढी जाड. तिनं माझा हात असा दाबला की बांगडी मनगटात रुतली. पडद्यावर सगळं करड्या रंगाचं, मला काही कळेना. मग मधोमध काळं पाणी पसरलं आणि त्या पिशवीत झालं होतं तसंच झालं. भिंती सुटल्या. एका भिंतीला चिकटलेला एक ठिपका दिसला. मुगाच्या दाण्याएवढासुद्धा नाही.

‘हा बघा,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘पॉलिप वाटतोय. छोटा आहे. पुढच्या महिन्यात दुर्बिणीनं काढून टाकू.’

आणि मी काय म्हटलं? मोठ्यांदा म्हटलं, सेलिननंही ऐकलं. मी म्हटलं, ‘सापडला! सात वर्षांचा चोर सापडला एकदाचा!’

क्षितिजा पडल्या पडल्या हसली. डोळ्यांतून पाणी गालावर, आणि हसत होती. म्हणाली, ‘खरंच आई, एवढ्याशासाठी सात वर्षं?’ मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. येताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. सात वर्षांत ती अशी पहिल्यांदा बसली असेल.

दुसऱ्या दिवशी पोटात कळा सुरू झाल्या. मी म्हटलं, सांगितलंच होतं त्यांनी. डाग पडायला लागले, मी म्हटलं, तेही सांगितलं होतं. ती कुणी न सांगता चटई घेऊन पडवीत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तिचा चेहरा पांढराफटक, चटई भिजलेली, आणि ती भिंतीला धरून उभं राहायचा प्रयत्न करतेय. मी कुशलला हाक मारली. त्या दिवशी मात्र तो ‘बघू’ म्हणाला नाही.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला घेतली. सेलिन तपासणीची पट्टी घेऊन बाहेर आली आणि ती माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, ‘काय गं?’

‘दोन रेघा आहेत मावशी. दिवस राहिलेत तिला.’

काय सांगू, एक क्षण मला आनंद झाला. मी हात जोडले. जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या दोनदा अनवाणी चढले होते त्या पोरीसाठी, गुडघे फुटेस्तोवर. वाटलं, पावली बाई माझी. मग सेलिनच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि माझे हात खाली आले.

आत डॉक्टरीणबाई क्षितिजाला विचारत होत्या. कुशल तिथेच उभा होता, मी दारात. ‘मागच्या वेळी रक्त किती दिवस गेलं? नीट आठवून सांग.’

क्षितिजानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघत होते. मला तेव्हाच तोंड उघडता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, एक दिवस, डॉक्टरीणबाई, तोही बोटाच्या पेराएवढा, आणि चार मी सांगितले.

‘मला नीट आठवत नाही,’ क्षितिजा म्हणाली.

‘आठवत नाही? शिकलेली मुलगी तू! स्वतःची पाळी आठवत नाही?’ डॉक्टरीणबाई चिडल्या, मग स्वतःच खाली बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, ‘पडद्यावर दिसलं तो पॉलिप नसणार. गर्भाची पिशवी असणार, अगदी सुरुवातीची. मी आधी लघवी तपासायला हवी होती. कागदावर विसंबले, ती चूक माझी. आधी डाग आला होता, म्हणजे हे टिकलंच असतं असंही नाही. टिकलंही असतं. कुणालाच सांगता येणार नाही.’

रक्त तपासलं. दोन दिवसांनी पुन्हा तपासलं. पोटातलं वाढत असतं तर आकडा दुप्पट व्हायला हवा होता, तो निम्म्यावर आला होता. संपलं.

कुशल घरी येऊन बायकोशी बोलेना. मला म्हणाला, ‘एवढी साधी गोष्ट तिला सांगता येऊ नये?’ मी काय म्हणावं? म्हटलं, ‘जाऊ दे रे, पोर आहे.’ असं म्हटलं मी. चोर तो चोर, वर शिरजोर, दुसरं काय.

मला वाटायचं, ती मला वाचवायला तसं बोलली. मोठ्या मनाची आहे, सासूला सांभाळून घेतलं. आता तसं वाटत नाही. सात वर्षं मी तिला गप, गप म्हणत आले. ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी तिला बोलता आलं नाही, इतकंच. प्रेम-बिम काही नव्हतं त्यात.

रविवारी सकाळी तिची आई आली, आशालताबाई, बोळिंजहून. चार-आठ दिवस माहेरी घेऊन जाते म्हणाल्या. क्षितिजा मागच्या पडवीतच होती. मी दोनदा सांगितलं होतं तिला, आत खोलीत झोप, पलंगावर झोप. ती म्हणाली होती, ‘नको आई, दिवस पुरे होऊ देत.’

आशालताबाई पुढच्या खोलीत बसल्या. मी चहा दिला, तो त्यांनी खाली ठेवला. एकाएकी उठल्या आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. ‘विहीणबाई, माफ करा मला. माझ्याच पोरीचं चुकलं. एवढी वाढवली, शिकवली, आणि डॉक्टरला साधे दिवस सांगता आले नाहीत तिला. तुम्ही सात वर्षं तिला पदराखाली घेतलीत. दुसरी कुणी असती तर केव्हाच माहेरी धाडली असती. तुमचं नातवंड माझ्या मुलीच्या वेंधळेपणानं गेलं.’

मी त्यांचे हात धरले. आणि म्हटलं, ‘असू द्या हो. होतं माणसाकडून. मी काही मनात धरलं नाही.’

ऐकलंत? मी माफ केलं! माझ्या तोंडून ते बाहेर पडलं आणि माझेच कान जळले. पडवी तिथून दहा पावलांवर, मधलं दार उघडं. तिनं ऐकलं असणार.

आशालताबाई डोळे पुसत मागे गेल्या, मीही त्यांच्या मागोमाग गेले. लेक जमिनीवर चटईवर पडलेली बघून त्या थबकल्या. ‘इथे का गं? पाठ दुखेल.’ मग मला म्हणाल्या, अगदी जपून, ‘अजून पाळता का तुम्ही?’

तेव्हा मला राहवलं नाही.

‘ती चुकली नाही,’ मी म्हटलं. ‘तिनं काही सांगितलंच नाही. चार दिवस मी सांगितले. ती बोलायला लागली तेव्हा मीच तिला गप केलं. तिला एकच डाग होता, बोटाच्या पेराएवढा. मला तिनं तेव्हाच सांगितलं होतं.’

आत कुशल पेपर वाचत होता. पानाचा आवाज थांबला.

मला वाटलं, आता आशालताबाई मला शिव्या घालतील. मला त्या हव्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांना फक्त कळलं नव्हतं, आणि साध्या माणसासारखं त्यांनी विचारलं, ‘एकच डाग होता? मग बाकीचे तीन दिवस ही इथे कशाला बसली होती?’

एवढ्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे काय होतं? आमच्यात असं असतं, एवढंच होतं.

आणि मग मला हिशेब लागला. डाग दिसला त्या दिवशी ते पोटात होतं. ती नुसती झोपायची, अंग जड म्हणायची, ते त्याचं होतं. ज्याच्यासाठी मी अनवाणी डोंगर चढले, ते माझं नातवंड आलं होतं घरी. तसं पोटातलं असलं तरी आलंच होतं की. त्याला मी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्याला जमिनीवर झोपवलं, त्याच्या आईच्या थाळीत हातभर वरून भात सोडला, आणि पडद्यावर दिसलं तर त्याला चोर म्हटलं. जे काही थोडे दिवस ते माझ्या घरात राहिलं, त्यातले चार मी त्याला विटाळ म्हणून बाहेर ठेवलं. दिवस मीच मोजले होते, त्यामुळे मला बरोबर आठवतात.

‘चल, उठ बाळा,’ आशालताबाई म्हणाल्या आणि पिशवी घ्यायला आत गेल्या. क्षितिजा भिंतीला धरून उठली. अंगात रक्त राहिलं नव्हतं तिच्या, अर्ध्यात उभी राहिली आणि झोक गेला. मी दोन पावलांवर होते. धरायला हात पुढे केला.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नेहमी बघायची तशीच, खालच्या नजरेनं.

‘हात लावू नका आई,’ ती म्हणाली. ‘आंघोळ करावी लागेल तुम्हाला.’

आणि पस्तीस वर्षांची सवय. माझा हात खरोखरच मागे आला.